ऑपरेशन कानाचं, परीक्षा स्मरणशक्तीची

कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऐकू यावं म्हणून आतल्या कानात बसवायचं यंत्र, करायचं नक्की झालं तेव्हा तपासण्यांची एक लांबलचक यादी माझ्या हातात पडली. श्रवणाच्या चाचण्या, कानाचा सीटी स्कॅन आणि एमआरआय, भूल देण्याआधीच्या रक्ताच्या तपासण्या, मेंदूच्या आवरणाला संसर्ग होऊ नये म्हणून घ्यायची न्यूमोकोकसची लस. हे सगळं मी आधीच वाचून ठेवलेलं होतं. यादीतली शेवटची ओळ मात्र मला नवी होती: आकलनक्षमतेची चाचणी.

सत्तरी ओलांडलेल्या आणि ऐकू न येणाऱ्या माणसाच्या छातीत ही ओळ वाचून धस्स होतं. ऐकू येत नाही म्हणजे कळतही नाही, असं धरून चालणारी माणसं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. माझ्याबद्दलचा प्रश्न मला न विचारता माझ्या मुलीला विचारतात. मी 'काय म्हणालात?' म्हटलं की 'जाऊ दे, काही विशेष नाही' म्हणून विषय बंद करतात. आता त्यात डोकं ठिकाणावर आहे का याची रीतसर परीक्षा. कमी गुण मिळाले तर इम्प्लांट नाकारणार का, असं मी ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे श्रवण तपासणाऱ्या तज्ज्ञ मुलीला, सरळच विचारलं. तिचं बोलणं मला ऐकू येणार नव्हतं, म्हणून तिनं वहीत लिहून दाखवलं: "काकू, नाकारण्यासाठी नाही. नंतरचा सराव कसा घ्यायचा ते ठरवण्यासाठी."

त्या उत्तराचा पूर्ण अर्थ मला पुढच्या वर्षभरात कळत गेला. इम्प्लांटबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक यंत्राबद्दल आणि ऑपरेशनबद्दल असतं. वय झालेल्या माणसाच्या बाबतीत त्यापुढे काय घडतं हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझं ऐकणं चाळिशीनंतर कमी होत गेलं. आधी उंच पट्टीतले आवाज गेले, मग शब्दांतली व्यंजनं पुसट झाली, मग फोन सुटला, मग चारचौघांत बसणं. श्रवणयंत्रं बदलत राहिले. शेवटी शेवटी यंत्रातून आवाज भरपूर यायचा, पण शब्द उमटायचा नाही. याचं कारण साधं आहे. आतल्या कानातल्या शंखाला कॉक्लिया म्हणतात. त्याच्या आतल्या रांगेत साधारण ३,५०० केसपेशी असतात आणि ध्वनीचा संदेश श्रवणतंतूकडे सोपवण्याचं काम मुख्यतः त्या करतात. त्याच मेल्या असतील तर आवाज कितीही वाढवा, पुढे पोचवायला कुणी उरत नाही. इम्प्लांट या पेशींना वगळून पुढे जातं. कानामागचा प्रोसेसर आवाज टिपतो, वेगवेगळ्या कंप्रतांच्या पट्ट्यांत त्याची वाटणी करतो आणि चुंबकानं डोक्याला चिकटणाऱ्या कॉइलमधून तो कातडीच्या आत पाठवतो. आत बसवलेला भाग त्यावरून विजेचे स्पंद तयार करतो आणि कॉक्लियात सरकवलेल्या बारीक तारेवरचे इलेक्ट्रोड ते थेट श्रवणतंतूला देतात. हे इलेक्ट्रोड किती? कंपनीगणिक १२, १६ किंवा २२.

साडेतीन हजार पेशींच्या जागी जास्तीत जास्त बावीस इलेक्ट्रोड! मेंदूला जे मिळतं ते मूळ आवाजाचं अगदी ढोबळ रूप असतं. एवढ्यावर बोलणं कळतंच कसं, याचं उत्तर १९९५ मध्ये रॉबर्ट शॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या एका गाजलेल्या प्रयोगात आहे. त्यांनी बोलण्यातले बारीक तपशील काढून टाकले आणि फक्त चार पट्ट्यांमधला आवाजाचा चढउतार शिल्लक ठेवला. तरी चांगल्या कानांच्या माणसांना थोड्या सरावानं शांत खोलीत ते बोलणं जवळजवळ सगळं ओळखता आलं. म्हणजे मेंदू थोडक्यात भागवू शकतो. पण ती खोली शांत होती, कान निरोगी होते. गोंगाटात, थकलेल्या तंतूंवर आणि म्हातारपणी तेच काम करायचं म्हणजे मेंदूला किती कष्ट पडत असतील, हा प्रश्न उरतोच.

मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम केलं. पुसट उमटलेलं प्रूफ वाचताना दोन कामं एकदम करावी लागतात. अक्षर नीट दिसत नसलं तरी शब्द कोणता असणार हे ओळखायचं, आणि ओळखलेला शब्द कागदावर खरंच आहे का याबद्दल सावध राहायचं. इम्प्लांटमधून ऐकणं मला पहिल्यापासून तसंच वाटलं. वाचताना मात्र ओळ समोर असते, परत मागे जाता येतं. बोललेला शब्द क्षणात गेलेला असतो.

एकाच कंपनीचं यंत्र, तोच सर्जन, तेच वय, आणि तरी एक माणूस फोनवर बोलू लागतो आणि दुसऱ्याला समोरासमोरचं वाक्यही पुरतं लागत नाही, असं का होतं? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १५ केंद्रांतल्या २,२५१ प्रौढ रुग्णांची माहिती एकत्र केली होती. बहिरेपण किती वर्षांचं, कोणत्या वयात आलं, कशानं आलं, इम्प्लांट कोणत्या वयात बसवलं, हे सगळं जमेस धरलं. तरीही माणसामाणसांतल्या फरकाचा लहानसाच भाग त्यातून उलगडला. उरलेल्यातला काही भाग तार आत कशी बसली आणि किती तंतू जिवंत राहिलेत यावर असतो. आणि काही भाग माणसाच्या डोक्यात असतो. अमेरिकेतले एरन मोबर्ली आणि डेव्हिड पिसोनी यांच्यासारखे संशोधक यावर बरीच वर्षं काम करत आहेत. आकृत्यांवरून तर्क करण्याची क्षमता आणि चुकीचं उत्तर आवरून धरण्याची क्षमता यांचा संबंध इम्प्लांटधारकांना वाक्यं किती कळतात याच्याशी आहे, असं त्यांच्या अभ्यासांत दिसलं.

आता चाचणीकडे येते. त्याआधी एक राग बोलून दाखवायचा आहे. काही वर्षांपूर्वी एका दवाखान्यात माझी स्मरणशक्तीची चाचणी तोंडी घेतली गेली होती. घेणाऱ्याच्या तोंडावर मास्क होता. पाच शब्द ऐका आणि नंतर सांगा, आकडे ऐका आणि म्हणा, वाक्य जसंच्या तसं म्हणा, अमुक अक्षर ऐकू आलं की टेबलावर टिचकी मारा. शब्द मला ऐकूच आले नव्हते, ते आठवणार कुठून? त्या कागदावर माझ्या नावापुढे 'स्मृतिक्षीणता असण्याची शक्यता' असा शेरा पडला आणि माझ्या मुलीनं तो वाचून बरेच दिवस मनाला लावून घेतलं. मोका (MoCA) नावाची ही चाचणी २००५ पासून जगभर वापरली जाते. एकूण गुण ३०, आणि २६ च्या खाली गेलं की पुढचा तपास. चाचणी चांगली आहे, पण ऐकू न येणाऱ्याकडून ती तोंडी घेणं हा अन्याय आहे. सूचना आणि शब्द पडद्यावर लिहून दाखवायची तिची वेगळी आवृत्ती आता तयार आहे. कर्णबधिर वृद्धाची चाचणी कुठेही होणार असेल तर घरच्यांनी आधी एवढं विचारावं: सगळं लिहून दाखवणार आहात ना?

इम्प्लांट केंद्रात ते काम नीट झालं. समोर पडदा, सूचना ठळक अक्षरांत, आणि समजलं की नाही हे तपासायला आधी एकदोन सोपे नमुने. पहिली चाचणी आकड्यांची. एकेक आकडा पडद्यावर येतो आणि जातो, शेवटी सगळे क्रमानं सांगायचे. मग तेच उलट्या क्रमानं. सुलट सांगताना आकडे नुसते धरून ठेवायचे असतात, उलट सांगताना ते धरता धरता फिरवावे लागतात आणि तिथे खरी ओढाताण होते. मग १९३५ पासून चालत आलेली स्ट्रूपची चाचणी. 'लाल' हा शब्द हिरव्या रंगात छापलेला असतो आणि शब्द न वाचता रंग सांगायचा असतो. तोंडातून 'लाल' निघू पाहतं, ते आवरून 'हिरवा' म्हणायचं. मग कागदभर विखुरलेले आकडे आणि अक्षरं आलटून पालटून जोडायची, १ वरून क, क वरून २, २ वरून ख, आणि त्याला लागलेला वेळ मोजायचा. मग रेव्हनच्या आकृत्या. नक्षीचा एक तुकडा गाळलेला असतो आणि खालच्या पर्यायांतून तो शोधायचा असतो. शेवटी एका मिनिटात आठवतील तितक्या प्राण्यांची नावं.

निकाल समजावून सांगताना ऑडिओलॉजिस्टनं गुणांचे आकडे बाजूला ठेवले आणि तीन गोष्टी लिहून दाखवल्या. शब्दांचा साठा खूप चांगला. माहिती धरून ठेवणं वयाच्या मानानं ठीक. पण वेग कमी, आणि एका गोष्टीवरून दुसरीवर लक्ष वळवायला वेळ लागतो. म्हणून माझ्या सरावात सुरुवातीला बोलणं संथ ठेवायचं आणि हळूहळू वेग वाढवायचा. घरच्यांनी विषय बदलताना आधी सांगायचं. आणि पहिले काही महिने एका वेळी एकाच माणसाशी बोलायचं. कमी गुणांची मला धास्ती होती, पण त्या गुणांचा उपयोग असा झाला.

आणखीही दोन कारणं तिनं सांगितली. स्मृती आधीच कमकुवत असेल तर मोठ्या भुलीनंतर माणूस काही काळ गोंधळण्याचा संभव जास्त असतो, त्याची तयारी भूलतज्ज्ञाला ठेवता येते. आणि बॅटरी चार्ज करणं, कॉइल जागच्या जागी लावणं, आंघोळीआधी प्रोसेसर काढणं ही रोजची कामं माणूस स्वतः करणार की घरातल्या कुणाला शिकवावी लागतील, हेही आधीच ठरतं. नुसत्या वयावरून कुणाला नाकारू नये, यावर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचं एकमत प्रसिद्ध झालेलं आहे. ते मी छापून फाइलमध्ये ठेवलं होतं. दाखवायची वेळ आली नाही.

ऑपरेशनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पूर्ण भूल, कानामागे छेद, काही तासांचं काम. नंतर थोडे दिवस चक्कर यायची आणि जिभेवर धातूची चव राहायची, कारण चवीची एक नस त्याच वाटेवर असते. दोन्ही कमी झालं. जखम भरेपर्यंत यंत्र सुरू करत नाहीत, तेव्हा त्या काळात त्या कानानं काहीच ऐकू येत नाही. ते आधी कुणीतरी सांगितलेलं असावं, नाहीतर घाबरायला होतं.

यंत्र सुरू करण्याच्या दिवशी संगणकावरून एकेक इलेक्ट्रोड तपासतात. किती वीज दिली की जेमतेम जाणवतं आणि किती दिली की सोसवेल इतकं मोठं वाटतं, या दोन मर्यादा प्रत्येकाच्या ठरवायच्या. याला मॅपिंग म्हणतात आणि पुढे ते अनेकदा होतं. मग सगळे इलेक्ट्रोड एकदम सुरू झाले. मुलगी काहीतरी बोलली आणि मला बारीक शिट्ट्या आणि किणकिण ऐकू आली. तिच्या ओठांच्या हालचालीबरोबर ती किणकिण सुरू होत होती आणि थांबत होती, एवढंच कळलं. ती 'आई, ऐकू येतंय का?' असं विचारत होती हे ओठांवरून समजलं. पहिल्याच क्षणी माणसं ढसाढसा रडतात आणि सगळं कळू लागतं, असे व्हिडिओ खूप फिरतात. वयस्कर माणसांनी ते पाहून अपेक्षा ठरवू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. मोठेपणी बहिरेपण आलेल्यांची सुधारणा बहुधा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत जास्त होते, आणि वर्षभर आणि पुढेही होत राहते. वय जास्त असेल तर थोडा जास्त वेळ लागू शकतो.

सरावाची खोली म्हणजे एक टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या. थेरपिस्टच्या हातात गोल चौकटीवर ताणलेलं पातळ कापड असतं, ते ती बोलताना तोंडासमोर धरते. ओठ झाकतात, पण कापडातून आवाज तसाच येतो, हातानं तोंड झाकल्यावर होतो तसा बदलत नाही. आधी चार शब्दांतला एक ओळखायचा, मग ठरलेल्या विषयावरची वाक्यं, मग कुठलीही. एक वाक्य मी विसरणार नाही, कारण माझ्या डोक्यात काय चालतं ते मला त्या वाक्यानं दाखवलं. थेरपिस्ट म्हणाली, "आजोबांनी पाटी हातात घेतली आणि तिच्यावर नाव लिहिलं." मी ऐकलं, 'आजोबांनी काठी हातात घेतली'. प आणि क यांतला फरक इम्प्लांटमधून नीट येत नाही, आणि आजोबा म्हटल्यावर काठी ताबडतोब पुढे आली. मग 'नाव लिहिलं' आलं आणि वाक्य अडलं. काठीवर कुणी नाव लिहीत नाही. आता पहिला अर्धा भाग अजून ध्यानात असायला हवा, मनात घट्ट बसलेली काठी बाजूला सारायला हवी, आणि तिच्यासारखा ऐकू येणारा पण लिहिण्याशी जुळणारा शब्द शोधायला हवा. पाटी! हे सगळं होईपर्यंत ती पुढचं वाक्य बोलून गेली होती आणि ते माझं पूर्ण सुटलं.

आकडे धरून फिरवणं, 'लाल' आवरून 'हिरवा' म्हणणं, गाळलेला तुकडा शोधणं, एका गोष्टीवरून दुसरीवर जाणं. परीक्षेतल्या या चारही गोष्टी त्या एका वाक्यात होत्या. थेरपिस्टला मी हे बोलून दाखवलं तेव्हा तिनं स्वीडनच्या येर्कर रोनबर्ग यांचं काम समजावून सांगितलं. ऐकू आलेला आवाज मनात साठवलेल्या शब्दाशी जुळला तर अर्थ आपोआप लागतो, कष्ट पडत नाहीत. जुळला नाही तर कार्यकारी स्मृतीला, म्हणजे ऐकलेलं धरून ठेवून त्यावर काम करणाऱ्या स्मृतीला, कामाला जुंपावं लागतं. चांगल्या कानाच्या माणसाला हे अधूनमधून करावं लागतं. इम्प्लांटच्या सुरुवातीच्या दिवसांत ते जवळजवळ प्रत्येक वाक्याला करावं लागतं.

ओठ वाचणं सोडावं का, याबद्दल मतं ऐकू येतात. माझं मत स्पष्ट आहे. सराव करताना ओठ झाकावेत, जगताना उघडे असावेत. 'पार', 'बार' आणि 'मार' हे तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात, पण त्यांतला फरक इम्प्लांटमधून बऱ्यापैकी येतो. उलट 'पार' आणि 'तार' इम्प्लांटमधून गोंधळतात, पण ओठ मिटले की नाही एवढं पाहिलं तरी फरक लख्ख कळतो. एकाची उणीव दुसरं भरून काढतं. दोन्ही मिळून आलं की मेंदूला अंदाज कमी बांधावे लागतात, आणि वाचलेली शक्ती पुढचं वाक्य धरायला उपयोगी पडते. वयस्कर माणसाला ही बचत नाकारण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही.

थकव्याबद्दल मात्र मला कुणी पुरेसं सांगितलं नव्हतं. पहिल्या महिन्यांत तासभर संभाषण झालं की मी डोळे मिटून बसायची. घरच्यांना वाटायचं हिला कंटाळा आला. ऐकण्याचे कष्ट मोजायला संशोधक डोळ्याच्या बाहुलीचा आकारही मोजतात, कष्ट वाढले की बाहुली मोठी होते. हे मुलीला वाचून दाखवलं तेव्हा तिला ते पटलं आणि तिनं घरात काही गोष्टी बदलल्या. बोलण्याआधी नाव घेऊन हाक मारायची. दुसऱ्या खोलीतून बोलायचं नाही. वाक्य कळलं नाही तर तेच शब्द ओरडून परत म्हणण्याऐवजी वाक्याची रचना बदलायची. मोठं वाक्य दोन भागांत तोडायचं आणि मध्ये क्षणभर थांबायचं. महत्त्वाचं बोलणं सकाळी, संध्याकाळी फक्त गप्पा. यात यंत्राचं एकही बटण बदललेलं नाही, पण माझं ऐकणं कितीतरी सुधारलं.

घरी रोज पुस्तक हातात धरून त्याच पुस्तकाचं ध्वनिमुद्रण ऐकायची. ओळ डोळ्यांसमोर असल्यामुळे कोणत्या किणकिणीचा कोणता शब्द हे मेंदूला कळत जातं. आधी ओळखीचं, मग अनोळखी. आधी बाईचा आवाज, मग पुरुषाचा, मग मुलांचा. पुढे पुस्तक मिटून ऐकायचं आणि अडलं तिथेच उघडायचं. मुद्रितशोधनाची सवय इथे फार कामी आली. वाक्याच्या घडणीवरून पुढचा शब्द कोणत्या लिंगाचा, कोणत्या विभक्तीतला असणार हे मला आधीच जाणवायचं आणि चुकीचे अंदाज तिथेच गळायचे.

केंद्रात माझ्याच सुमारास इम्प्लांट झालेले एक गृहस्थ भेटायचे. ऐंशीच्या पुढचे. त्यांची स्मृती खरोखरच कमी होत चालली होती आणि चाचण्यांत ते आधीच दिसलं होतं. त्यांचा सराव पूर्ण वेगळा आखला गेला. बसायचं थोडाच वेळ, पण दिवसातून अनेकदा. शब्द घरातले, रोजचे, माणसांच्या नावांचे. सुनेला प्रत्येक वेळी बरोबर बसवायचे आणि तिला शिकवायचे. कॉइल कुठे लावायची ते आरशाशेजारी चित्र काढून चिकटवलेलं. गोंगाटातल्या वाक्यांच्या चाचणीत त्यांचे गुण कमी होते आणि कमीच राहिले. पण प्रोसेसर रोज किती तास वापरला याची नोंद यंत्रातच होते, आणि त्यांचा वापर सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत असायचा. सून सांगायची, हाक मारली की आता ते वळून बघतात, आणि समोर बसून बोललं तर उत्तर देतात. चाचणीच्या टक्क्यांत हे येत नाही. त्यांचा इम्प्लांट वाया गेला असं कुणी म्हणालं तर मला ते मान्य नाही.

इम्प्लांटनंतर बुद्धी सुधारते का, हा प्रश्न सगळे विचारतात. फ्रान्समधल्या दहा केंद्रांनी ६५ ते ८५ वयाच्या ९४ जणांचा अभ्यास केला होता, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशनआधी ज्या ३७ जणांचे गुण सहापैकी दोन-तीन चाचण्यांत सामान्य पातळीच्या खाली होते, त्यांच्यापैकी ३० जणांची आकलनक्षमता वर्षभरात सुधारलेली आढळली. वाचून फार बरं वाटतं. पण इम्प्लांट न केलेल्यांचा गट तुलनेला नव्हता, आणि तीच चाचणी दुसऱ्यांदा देताना माणूस थोडा सरावलेला असतो, हेही ध्यानात ठेवायला हवं. बहिरेपण आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध मात्र अनेक अभ्यासांत दिसला आहे. २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासात ६३९ जणांवर बरीच वर्षं लक्ष ठेवलं होतं आणि तीव्र श्रवणदोष असलेल्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे पाचपट आढळला. संबंध आहे म्हणून इम्प्लांट स्मृतिभ्रंश थांबवतं असं ठरत नाही. मी ते औषध म्हणून घेतलेलं नाही, बोलणं कळावं म्हणून घेतलं. माणसांत परत बसू लागले, वाद घालू लागले, त्यानं डोकं तरतरीत वाटतं, एवढं माझ्यापुरतं खरं आहे.

वर्षानंतर सगळ्या चाचण्या पुन्हा झाल्या. शांत खोलीतली वाक्यं आता बहुतेक लागतात. सुटे शब्द त्यामानानं कमी, कारण सुट्या शब्दाला आधार देणारं वाक्य नसतं. मागे गोंगाट घातला की उतरण मोठी आहे. लक्ष वळवण्याच्या चाचणीत मी अजून संथच आहे, आणि चारजण एकदम बोलू लागले की तेच आडवं येतं. कोण बोलतंय हे शोधेपर्यंत दुसरा सुरू झालेला असतो. यासाठी आता दोन आवाजांचा सराव सुरू केला आहे: दोघांनी आळीपाळीनं वाचायचं आणि आवाज कधी बदलला ते मी हात वर करून सांगायचं. ओळखीच्या माणसांशी फोनवर बोलते, बोलण्याचा विषय त्यांनी आधी मेसेज करून कळवायचा या अटीवर. संगीत अजून बेसूर ऐकू येतं, कारण स्वरांतले बारीक फरक एवढ्या इलेक्ट्रोडांतून येत नाहीत. ओळखीच्या गाण्याचा ताल तेवढा लागतो.

दुसऱ्या कानात अजून श्रवणयंत्र आहे. त्यातून खालच्या पट्टीतला थोडा आवाज येतो आणि इम्प्लांटबरोबर त्याची मदत होते. त्या कानातही इम्प्लांट करायचं का, हा विषय आता निघाला आहे. सर्जन अनुकूल आहेत. ऑडिओलॉजिस्ट म्हणते, "काकू, आधी दोन्ही कान मिळून गोंगाटात काय होतं ते पुन्हा मोजू, मग ठरवू." मी तिला सांगितलं आहे की आकड्यांची आणि रंगांची चाचणीही त्याच दिवशी घे, आणि या वेळी निकाल बघायला माझ्या मुलीलाही आत बसव.